डोळे झाकून चार गुंठे: व्हीआर अरीनात आपण कुठे आहोत हे यंत्राला कळतं कसं?

एडिसनकर
गेल्या शनिवारी भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही सहा जण एका व्हीआर अरीनात, म्हणजे हेडसेट घालून आभासी जगात हिंडायच्या खेळाच्या जागी, गेलो होतो. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे थोडी तक्रार आहे. मोठ्ठं गोदाम, आतमध्ये एकही खांब नाही, साधारण ४३०० चौरस फूट. आमच्या नानांच्या भाषेत चार गुंठे. डोळ्यांवर हेडसेट, हातात बंदूक, पाठीवर काहीही नाही, एकही वायर नाही. पुढचा अर्धा-पाऊण तास भुताटकीच्या जहाजावर हिंडलो. मी वाकलो की चित्रातलं जग बरोबर तेवढंच वर सरकायचं. शेजारी उभ्या बहिणीच्या चित्रातल्या बाहुलीच्या खांद्याला हात लावला तर खरा खांदा हाताला लागला! अंगावर काटा आला.

आता तक्रार. खेळ संपत आला होता, तेव्हा मेव्हणा माझ्यापासून चांगला हातभर लांब दिसत होता आणि तरी आम्ही खांद्याला खांदा धाडकन आपटलो. त्याचा चष्मा वाकला. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणे 'सर, तुम्ही खूप जोरात हलत होतात.' आम्ही दोघंही पंचेचाळिशीचे. जोरात म्हणजे किती असणार?

तर प्रश्न दोन. छताखाली जीपीएस चालत नाही, मग हे यंत्र माझं डोकं कुठे आहे ते शोधतं कसं? आणि बाकी सगळीकडे बरोबर दाखवणारं यंत्र नेमकं मेव्हण्याच्या वेळीच का चुकलं?

खवचट_खान
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरगुती आहे, तांत्रिक नाही. :)

ठिपका
पुण्यात मोशन कॅप्चरच्या (माणसाची हालचाल कॅमेऱ्यांनी टिपायच्या) स्टुडिओत काम करतो, त्यामुळे जुन्या पद्धतीबद्दल खात्रीने सांगू शकतो. तुमच्या अरीनात बहुधा ती नव्हती, तरी आधी ती समजली की पुढचं सोपं जातं.

जुनी पद्धत म्हणजे बाहेरून बघणं. छताला चारी बाजूंनी कॅमेरे टांगायचे. खेळाडूच्या हेडसेटवर छोटे गोळे लावायचे. गोळ्यांवरचा लेप रस्त्यावरच्या पाट्यांसारखा, प्रकाश जिकडून आला तिकडेच परत फेकणारा. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती इन्फ्रारेड दिव्यांची कडी असते, त्यामुळे कॅमेऱ्याला काळ्या पडद्यावर फक्त पांढरे ठिपके दिसतात. माणूस दिसतच नाही. एका कॅमेऱ्याला ठिपक्याची फक्त दिशा कळते, अंतर नाही. दोन कॅमेऱ्यांच्या दिशा जिथे छेदतात तिथे गोळा. निदान दोन कॅमेरे लागतातच, पण माणसं एकमेकांच्या आड येतात म्हणून प्रत्यक्षात प्रत्येक कोपरा चार-पाच कॅमेऱ्यांना दिसेल अशी सोय करावी लागते. खर्च तिथेच चढतो.

गोळे सगळे सारखेच, मग हे डोकं तुमचं आणि ते मेव्हण्याचं हे कसं ओळखायचं? प्रत्येक हेडसेटवर गोळ्यांची मांडणी वेगळी आणि मुद्दाम वेडीवाकडी ठेवतात. गोळ्यांमधली अंतरं हीच त्या हेडसेटची ओळख. दुसरा उपाय म्हणजे गोळ्यांऐवजी स्वतःच लुकलुकणारे इन्फ्रारेड दिवे, प्रत्येकाची लुकलुकण्याची लय वेगळी.

मेलबर्नच्या झिरो लेटन्सीने २०१५ मध्ये जे अरीना सुरू केलं तिथे ४०० चौरस मीटरमध्ये प्लेस्टेशनचे साधे आय कॅमेरे वापरले होते, तब्बल १२९. खेळाडूच्या डोक्यावर आणि बंदुकीवर उजळलेले रंगीत गोळे, पाठीवर कॉम्प्युटर. जत्रेतला फुगेवाला दिसावा तसं ध्यान. पण स्वस्त कॅमेऱ्यांची संख्या वाढवून महागड्या यंत्रणेचं काम भागवायची ती युक्ती मला अजूनही आवडते. यूटातल्या द व्हॉइडने उलटी वाट धरली होती. त्यांनी ऑप्टिट्रॅकची व्यावसायिक यंत्रणा घेतली, कारण त्यांच्याकडे चित्रातली भिंत जिथे, तिथे खरी भिंतही उभी असायची. हात पुढे केला आणि भिंत चार बोटं मागे निघाली तर सगळी मजा गेली.

कोथरूडची_मावशी
आणि हे कॅमेरे स्वतः कुठे टांगलेत ते कसं कळतं? कोणी शिडीवर चढून टेपने मोजतं का?

ठिपका
मावशी, हा प्रश्न नवीन आलेली पोरं सहा महिन्यांनी विचारतात! टेपने मोजून इतकी अचूकता येत नाही. एका दांडीवर ठराविक अंतरावर गोळे लावलेले असतात, ती दांडी हवेत फिरवत आख्ख्या जागेत हिंडायचं. बघणाऱ्याला वाटतं भूत उतरवतोय. सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी ती दांडी कुठे पाहिली यावरून सॉफ्टवेअर उलटा हिशेब मांडून कॅमेऱ्यांच्या जागा काढतं. मग जमिनीवर काटकोनी गुण्या ठेवायचा: हा शून्य बिंदू, ही पुढची दिशा. दुपारी पत्रा तापून छत किंचित फुगलं किंवा कोणी शिडीने कॅमेऱ्याला धक्का दिला की परत दांडी.

आमच्याकडे एकदा दोन तास एक भुताचा गोळा दिसत होता. शेवटी कळलं, पाहुण्यांच्या बुटावर चमकती पट्टी होती.

घिरट्या
पण फोनमध्ये असतात तसले सेन्सर हेडसेटमध्येही असतात ना? वेग, वळण सगळं मोजणारे. मग कॅमेरे हवेतच कशाला? किती वळलो, किती चाललो, बेरीज करत जायचं.

दीपस्तंभ
बेरजेतच घोळ आहे. तो सेन्सर अंतर मोजत नाही, प्रवेग मोजतो. प्रवेगाची बेरीज केली की वेग, वेगाची बेरीज केली की अंतर. म्हणजे चुकीवर चूक, व्याजावर व्याज. सेन्सर सेकंदाच्या वर्गाला फक्त १ सेंटीमीटर इतका कायम चुकतोय असं धरा. १० सेकंदांत तुम्ही जागेवरून ५० सेंटीमीटर सरकलेले, मिनिटभरात १८ मीटर. उभे आहात तिथेच, आणि यंत्राच्या मते तुम्ही भिंतीतून पार होऊन पार्किंगमध्ये.

तरी तो हवाच. कॅमेरा सेकंदाला साठ-नव्वद वेळा बघतो, हा साधारण हजार वेळा सांगतो. दोन चित्रांमधली फट तो भरतो आणि कॅमेरा त्याची साचलेली चूक पुसत राहतो. कॅमेऱ्यावर चालणारं कोणत्याही कंपनीचं हेडसेट उघडा, ही जोडी आत सापडणारच.

मी रत्नागिरीचा, त्यामुळे एक पद्धत सांगितल्याशिवाय राहवत नाही. वॉल्व्ह कंपनीची लाइटहाउस, २०१६ साली एचटीसी वाइव्ह या हेडसेटबरोबर बाजारात आली. इथे कॅमेरा नाहीच. कोपऱ्यात एक डबी, तिच्यात सेकंदाला ६० फेरे घेणारं चक्र आणि त्यातून खोलीवरून झाडूसारखा फिरणारा लेझरचा पट्टा. हेडसेटवर प्रकाश ओळखणारे बारीक डोळे. आधी सगळ्या खोलीत एक झगमगाट होतो, म्हणजे 'आता घड्याळ सुरू करा'. मग पट्टा फिरत आला की प्रत्येक डोळा वेळ टिपतो. एका फेऱ्याला साधारण १६.७ मिलिसेकंद लागतात, तेव्हा अमुक वेळाने प्रकाश दिसला म्हणजे अमुक अंशात मी आहे. पाच मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास अर्धा मायक्रोसेकंद! भगवती किल्ल्याजवळच्या दीपगृहाकडे बघून खलाशी जे ओळखतो, जवळपास तेच.

पहिल्या डब्या दोनच जोडता यायच्या, म्हणजे एका खोलीपुरत्या. दुसऱ्या पिढीत झगमगाट काढून टाकला, प्रकाशातच खूण मिसळली, आणि चार डब्यांत दहा बाय दहा मीटर झाकता येतं. एडिसनकरांच्या चार गुंठ्यांना ते पुरणारं नाही.

खवचट_खान
मग जीपीएसच छताला टांगा की. कसलं कसलं म्हणतात ना, अल्ट्रा वाइडबँड?

दीपस्तंभ
गोदामात ट्रॉली शोधायला उत्तम. पण रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, म्हणजे घड्याळ किती बारीक हवं बघा. एवढं करून अचूकता १० ते ३० सेंटीमीटर, वर मधे माणूस आला की लहर अडते. ट्रॉलीला चालेल. डोळ्यांसमोरचं चित्र वीतभर थरथरायला लागलं तर लोक पाच मिनिटांत पोट धरून बाहेर येतील.

आतल्या_गाठीचा
आता मूळ प्रश्नाकडे. एडिसनकर, एक सांगा: भिंती आणि जमीन कशी होती? आणि हेडसेटला पुढे काचेचे काळे ठिपके होते का?

एडिसनकर
हो, पुढे आणि बाजूला मिळून चार ठिपके. भिंती म्हणाल तर डोळ्यांना त्रास होईल अशा. काळे-पांढरे तुकडे, त्रिकोण, पट्टे, कशाचा कशाला मेळ नाही. आजीच्या गोधडीसारख्या. मला वाटलं मॉडर्न आर्ट.

आतल्या_गाठीचा
ती गोधडीच तुमचा नकाशा होती.

तुमच्या हेडसेटने आतून बाहेर बघितलं. ते चार ठिपके म्हणजे कॅमेरे. त्यांना चित्रात जिथे ठसठशीत कोपरे दिसतात, त्रिकोणाचं टोक, पट्ट्याचा शेवट, ते ते बिंदू यंत्र लक्षात ठेवतं. तुम्ही सरकलात की जवळचे बिंदू जास्त सरकतात, लांबचे कमी. एसटीच्या खिडकीतून विजेचे खांब पळतात आणि डोंगर बरोबर येतो तसं. त्यावरून तुम्ही किती हललात ते काढायचं आणि त्याच वेळी त्या बिंदूंचा नकाशाही पक्का करत जायचा. नकाशा नसताना नकाशा करायचा आणि त्याच अर्धवट नकाशावर स्वतःला शोधायचं.

पांढरीशुभ्र भिंत इथे शत्रू, धरायला काहीच नाही. त्याहून वाईट एकसारखी नक्षी. चाळीत सगळी दारं सारखी असली की दारू न पिताही माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो, तसं यंत्र एका चौकोनाला दुसरा समजून बसतं. म्हणून नक्षी मुद्दाम न जुळणारी. दिवेही कायम सारखे ठेवतात. संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलं की सावल्यांचे खोटे कोपरे तयार होतात. आणि पाच जणांनी तुम्हाला घेरलं की कॅमेऱ्याला भिंतीऐवजी माणसंच दिसतात, ती हलतात, म्हणजे नकाशाला निरुपयोगी.

घराबाहेर हे जमतं हे फेसबुकने सप्टेंबर २०१८ मध्ये सॅन होजेच्या परिषदेत दाखवलं, ४००० चौरस फुटांच्या जागेत सहा खेळाडू, त्यांचा क्वेस्ट हेडसेट बाजारात यायच्या आधी. झिरो लेटन्सीनेही पुढे छतावरचे कॅमेरे आणि पाठीवरचं ओझं सोडून वाइव्ह फोकस ३ हा हेडसेट घेतला. धंद्याचं गणितच तसं आहे. छत सजवण्यापेक्षा भिंतींना कागद चिकटवणं स्वस्त.

तरी आतून बाहेर बघणं ही काही कालची कल्पना नव्हे. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठातल्या मंडळींनी १९९१ मध्येच छताला इन्फ्रारेड दिवे लावून डोक्यावरचे सेन्सर वर बघायला लावले होते. आज अँटिलेटन्सी कंपनीवाले तेच दिवे जमिनीवरच्या फरशीत घालतात. छत खाली आलं एवढंच.

वायफाय_वैतागवाडी
सगळं ठीक, पण धक्क्याचं कारण मला सरळ दिसतंय: वायफाय. प्रत्येक हेडसेट आपली जागा सर्व्हरला कळवतो, सर्व्हर बाकीच्यांना. तुम्हाला दिसणारा मेव्हणा हा थोडा जुना मेव्हणा असतो. वायफाय तुंबलं की झालं.

आतल्या_गाठीचा
हिशेब करू. ५० मिलिसेकंद उशीर धरा, माणूस भरभर चालतोय, सेकंदाला दीड मीटर. साडेसात सेंटीमीटर. हातभर नाही. शिवाय सर्व्हर पुढचा अंदाज बांधून तेही कमी करतो.

दोन उशीर वेगळे ठेवा. स्वतःचं डोकं वळल्यावर स्वतःचं चित्र वळणं, हे हेडसेटमध्येच होतं, वायफायशी संबंध नाही. तिथे साधारण २० मिलिसेकंदांच्या आत काम उरकावं लागतं. मान झटकन वळवली, सेकंदाला २०० अंश, तर ५० मिलिसेकंदांत जग १० अंश मागे राहतं. त्यानेच मळमळतं. दुसऱ्याची बाहुली जरा उशिरा हलली तर कोणाला पत्ताही लागत नाही.

मोजणीदार
नमस्कार. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त. शंकू-साखळी, फलकयंत्र (तिपाईवरचा नकाशाचा पाट), शेवटी ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्र, सगळ्यावर काम केलं. तुमचं व्हीआर मला कळत नाही, पण धागा वाचताना सारखं वाटतंय की हा आमचाच धंदा आहे. एडिसनकर, तीन गोष्टी सांगा. धक्का सुरुवातीच्या जागेपासून किती लांब बसला? सुरुवातीला सगळे बरोबर दिसत होते का? आणि सुरुवात करताना तुम्हाला कुठे, कसं उभं केलं होतं?

एडिसनकर
काका, धक्का पार पलीकडच्या कोपऱ्यात. वीस मीटर तरी असेल. सुरुवातीला सगळं चोख, बहिणीच्या खांद्याला हात लावला तो तेव्हाच. उभं म्हणाल तर जमिनीवर पावलांची चित्रं होती, त्यावर पाय ठेवून समोरच्या भिंतीवरच्या फुलीकडे बघायला सांगितलं आणि त्या पोराने एकेकाच्या हेडसेटचं बटण दाबलं. मेव्हणा तेव्हा मागे वळून भाच्याचा फोटो काढायच्या नादात होता, हे आत्ता लिहिताना आठवलं.

मोजणीदार
मग जागा चुकली नाही, दिशा चुकली.

फलकयंत्र मांडताना पाट बिंदूवर बरोबर बसवला पण दिशा अंशभर हलली, तर जवळच्या खुणा जुळतात. पोरगं खूष होतं, मोजणी झाली म्हणतं. लांबच्या बांधावर गेलं की बांध शेजाऱ्याच्या शेतात. एका अंशाला २ मीटरवर साडेतीन सेंटीमीटर, ते कोणाला दिसत नाही. २० मीटरवर तोच अंश ३५ सेंटीमीटर. तुमचा हातभर तिथून आला.

आमच्या वेळी ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ आणे. साखळी आणाभर कमी-जास्त भरली तर भांडण आण्याचंच होतं. दिशेच्या चुकीची भांडणं मात्र कोर्टात तीस-तीस वर्षं चालतात. म्हणून मागच्या ओळखीच्या दगडाकडे परत वेध घेऊन दिशा तपासल्याशिवाय आम्ही पुढे सरकत नव्हतो.

दीपस्तंभ
काका, साष्टांग! यात एक भर. हेडसेटमधल्या सेन्सरला 'खाली' कुठे ते कायम माहीत असतं, गुरुत्वाकर्षण हा त्याचा ओळंबा. त्यामुळे मान पुढे-मागे किंवा बाजूला कललेली चूक आपोआप सुधारते. पण उभ्या आसाभोवती किती वळलो याला ओळंब्यासारखं काही नाही. होकायंत्र म्हणाल तर गोदामाच्या लोखंडात ते वेडं होतं. म्हणजे ज्या एका दिशेला तपासणीस नाही तीच चूक टिकून राहते, आणि ती अंतराबरोबर वाढते. घरातल्या तीन मीटरच्या खोलीत हे कधी लक्षातच येत नाही. चार गुंठ्यांत चष्मा वाकतो.

ठिपका
थोडी दुरुस्ती सुचवतो. छताला कॅमेरे असताना हा प्रकार होत नाही, कारण सगळ्यांना मोजणारा एकच. शून्य बिंदू एक, दिशा एक. तो चुकला तर सगळ्यांसाठी सारखाच चुकतो आणि कोणी कोणाला आपटत नाही. आतून बाहेर बघताना सहा डोकी म्हणजे सहा मोजणीदार, प्रत्येकाचा स्वतःचा सात-बारा. चांगली अरीना मग एकच नकाशा आधी चालून तयार करतात आणि तोच सगळ्या हेडसेटमध्ये भरतात, म्हणजे गोधडी ओळखली की दिशाही आपोआप जुळते. फक्त सुरुवातीच्या पावलांवर विसंबून राहणं हा शॉर्टकट आहे. माझ्या मते तक्रार रास्त आहे, पण जोरात हलल्याची नाही.

कोथरूडची_मावशी
म्हणजे आंधळी कोशिंबीर, फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांवरच्या पट्टीला वेगळं चित्र. बरं, दोघं जवळ आले की यंत्र ओरडत नाही का?

आतल्या_गाठीचा
ओरडतं, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या खेळाडूभोवती लाल आकृती किंवा कानात इशारा असतो. पण तो इशारा याच नकाशावर चालतो. नकाशाच्या मते दोघं हातभर लांब, मग ओरडणार कशाला?

चकवा
विषय थोडा सोडून. एडिसनकर, जहाज चार गुंठ्यांपेक्षा मोठं वाटलं का?

एडिसनकर
कितीतरी! दोन मजले फिरलो असं वाटलं. लिफ्टमध्ये उभं केलं, जमीन थरथरली, दार उघडलं तर दुसरं दालन.

चकवा
लिफ्ट म्हणजे तीच जागा पुन्हा वापरायची युक्ती. याहून भारी प्रकार चॅपल हिलच्याच लोकांनी २००१ मध्ये मांडला. तुम्ही सरळ चालताय असं चित्र दाखवत ते चित्रच हळूहळू फिरवायचं. तुम्ही नकळत वळण घेता आणि गोल गोल फिरत राहता. आमच्या कोकणात याला चकवा लागणं म्हणतात, रात्रभर चालून माणूस पहाटे त्याच आंब्याखाली. फरक एवढाच की चकव्याला किती जागा लागते ते यांनी मोजलं. २०१० च्या एका प्रयोगात निघालं की वर्तुळाची त्रिज्या निदान २२ मीटर असेल तर माणसाला वळवलं जातंय हे कळत नाही. चार गुंठ्यांत तेवढं वर्तुळ मावत नाही, म्हणून लिफ्ट.

खवचट_खान
आंब्याखाली विडी मागणारं कोणी भेटतं का व्हीआरमध्ये?

एडिसनकर
दोन आठवड्यांनी अपडेट. परत गेलो, भाच्याने सोडलं नाही. या वेळी सुरुवातीलाच त्या पोराला म्हटलं, बटण दाबायच्या आधी सगळे फुलीकडे बघतायत का बघ. तो जरा चमकला, पण बघितलं. मग मीच आगाऊपणा करून म्हटलं, पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन आम्ही दोघं एकमेकांच्या हाताला हात लावून बघतो, चालेल? काकांचा मागचा दगड. पहिल्या खेपेला माझा हात मेव्हण्याच्या हाताच्या चार बोटं बाजूला हवेत गेला. त्या पोराने दोघांचीही मांडणी परत केली, दुसऱ्यांदा तळहातावर तळहात बरोबर बसला.

खेळ झाल्यावर तो म्हणाला, हे दर खेळाला करायला मॅनेजरला सांगतो. करतील का माहीत नाही, दर खेळामागे त्यांची पाच मिनिटं जातात. नवीन चष्म्याचे पैसे मेव्हणा माझ्याकडेच मागतोय.

मोजणीदार
कोणाची दिशा चुकली होती ते आधी ठरवा. फोटो काढत कोण होतं?